टोकबाईंचा वाकडा चौकोन

मित्रांनो, आधी फायद्या-तोट्याचे बोलून घेऊ, गोष्ट मग सांगतो.

प्रश्न भूमितीचा होता. तो सुटला तर समजासरांचा तोटा होता. कारण प्रश्न सुटत नव्हता तोवरच टोकबाई दुपार कलली की दोन जिने चढून त्यांच्याकडे येणार होत्या. सुटल्यावर कशाला येतील? हा सरांचा हिशेब. बाईंचा हिशेब नेमका उलटा. प्रश्न सुटला तर त्या इथेच, आपल्या घरात राहणार होत्या. नाही सुटला तर सगळे आवरून लांब मुलीकडे जाणार होत्या. सरांना बाईंचा हिशेब ठाऊक नव्हता आणि बाईंना सरांचा. दोन्ही ठाऊक असणारा जगात एकच होता, आणि नेमके त्यालाच तोंड नव्हते.

तो मी. मी एक जुना पितळी कंपास आहे. मला टोचता येते, फिरता येते, बोलता मात्र येत नाही. आज तुमच्याशी बोलतो आहे ते कागदावर, म्हणून चालून गेले.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. ज्या कारागिराने माझे दोन पाय जोडले तो फार संशयी माणूस होता. स्क्रू पिळायचा, पाय उघडून बघायचा, पुन्हा सैल करायचा. शेवटी त्याने माझ्याकडून एक वर्तुळ काढून घेतले. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली, तेव्हा कुठे त्याने मला पेटीत ठेवले. जाताना म्हणाला, "जा बाबा, नशिबात चांगला हात असू दे." आमच्या जातीचे सगळे त्या एका गोष्टीवर असते, मित्रांनो. वाईट हातात पडलेला कंपास जन्मभर दारांच्या फटीत आणि बाकांच्या लाकडात टोचला जातो.

मला हात चांगला मिळाला. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका गृहस्थांनी मला घेतले. त्यांच्या टेबलापाशी त्यांची लहान मुलगी हनुवटी टेकून उभी राहायची. "बाबा, एकदा मला द्या ना." बाबा म्हणायचे, "आधी पेन्सिल आण बघू. हे टोक आहे की झाडूचा दांडा? टोक नाही, तर कंपासाला हात नाही." मुलगी बिचारी टोक काढून काढून अर्धी पेन्सिल संपवायची. बाबांनी नोकरी सोडली त्या दिवशी मी तिच्या हातात आलो. पुढे ती शाळेत भूमिती शिकवू लागली, आणि वर्गात शिरताच आधी सगळ्यांच्या पेन्सिली तपासू लागली. मुलांनी तिचे नाव टोकबाई ठेवले. मुले नावे ठेवण्यात चुकत नाहीत.

ते माझे सोन्याचे दिवस होते. प्रश्नपत्रिकेतली प्रत्येक आकृती बाईच काढायच्या, म्हणजे मीच काढायचो. मुख्याध्यापक कोणालाही सांगायचे, "आकृती ना? ती बाईंकडे द्या. डोळ्यांना बरं वाटतं." ते ऐकले की माझ्या पितळेला उगीचच चकाकी यायची.

शिक्षकांच्या खोलीत बाईंच्या समोरच्या खुर्चीवर बीजगणिताचे सर बसत. त्यांचे प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू व्हायचे. घंटा झाली तरी म्हणायचे, "समजा, आता घंटा झाली..." म्हणून ते समजासर. सरांना आकृती काढता येत नसे. त्यांनी फळ्यावर वर्तुळ काढले की मागच्या बाकावरून "बटाटा!" असा आवाज यायचा. त्यामुळे असेल, पण सर आकृत्यांबद्दल खोचक बोलत.

"बाई, वर्तुळ सुरेख काढलंत. उत्तर काय आलं?"

"तुमचं तर उत्तर आलंय, सर. पण प्रश्न कशाबद्दल होता, ते दिसलं का कधी?"

असे रोज चालायचे. दोघांचा चहा त्यावाचून गार व्हायचा नाही. एकदा मात्र बाईंनी सगळ्यांदेखत सुनावले, "सर, बेरजा-वजाबाक्या करून भूमिती सुटत नसते. त्याला हिशेब म्हणतात. भूमिती ही दिसावी लागते." सगळे हसले. सरही हसले. पण ते वाक्य त्यांनी घडी घालून आत कुठेतरी ठेवून दिले. मी बाईंच्या हातात होतो, मला समोरचा चेहरा नीट दिसत होता.

मग दोघेही निवृत्त झाले. बाईंचे यजमान आधीच गेले होते, मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. सरांच्या पत्नीही गेल्या, आणि मागे दोन जिने वर एक खोली आणि समोरासमोर मांडलेल्या दोन खुर्च्या राहिल्या. मी खणात गेलो. सोबतीला कुलुपे हरवलेल्या किल्ल्या, एक दांडी तुटलेला चष्मा आणि कायमचे वाळलेले एक स्केचपेन. माझा स्क्रू गंजून बसला. खणात दिवस मोजता येत नाहीत, मित्रांनो. फक्त खण उघडल्याचा आवाज आला की आपण आशेने बघतो, आणि कोणीतरी किल्ली घेऊन जाते.

एके दिवशी मात्र हात माझ्यावर थांबला. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब स्क्रूवर पडला. बाईंच्या टेबलावर गणिताचे मासिक उघडे होते. त्याच्या शेवटच्या पानावर वाचकांसाठी एक प्रश्न असे, आणि सोडवणाऱ्यांची नावे पुढच्या अंकात बारीक अक्षरात छापत. या वेळचा प्रश्न असा होता. एक चौकोन घ्या, ज्याच्या चारही बाजूंना आतून टेकणारे एक वर्तुळ आहे. त्याचा एक कर्ण काढा. चौकोनाचे दोन त्रिकोण होतील. प्रत्येक त्रिकोणात त्याच्या तिन्ही बाजूंना टेकणारे वर्तुळ काढा. आता सिद्ध करा की कर्णाच्या अलीकडचे वर्तुळ आणि पलीकडचे वर्तुळ एकमेकांना स्पर्श करतात.

मध्ये कर्णाची भिंत. दोन्हीकडे एकेक वर्तुळ. आणि दोघांनी भिंतीला टेकायचे ते नेमके एकाच बिंदूपाशी. बाई बराच वेळ पानाकडे बघत बसल्या. मग मला पिशवीत टाकून बाहेर पडल्या.

सरांनी दार उघडले तेव्हा त्यांच्या अंगातला सदरा उलटा होता. "बाई? तुम्ही?"

"म्हटलं, बघू तुमच्या एक्सला काही दिसतंय का. आणि सर, सदरा उलटा आहे."

सर आत पळाले.

त्या दिवशी मी किती दिवसांनी फिरलो! बाईंनी आधी मोठे वर्तुळ काढले, त्यावर चार ठिकाणी स्पर्शिका काढून चौकोन केला, कर्ण ओढला, आतली दोन वर्तुळे काढली. दोन्ही एकमेकांना हलकेच टेकली. आकृती इतकी देखणी झाली की सर म्हणाले, "चौकट करून भिंतीवर लावू का?" बोलता बोलता अंधारून आले आणि बाई मला टेबलावरच विसरून गेल्या.

म्हणून पुढचे मी पाहिले. सर आकृतीसमोर बसले. टेबलाच्या कोपऱ्यावर धूळ होती. त्यांनी तिच्यात बोटाने चार ओळी लिहिल्या. थांबले. चारही ओळी पुन्हा बोट फिरवून तपासल्या. सुटला होता! मला वाटले, उद्या बाईंना काय टोला मिळणार आहे. पण सर समोरच्या खुर्चीकडे बघत बसले, जिच्यावर नुकत्याच बाई बसून गेल्या होत्या. मग इकडे तिकडे बघून त्यांनी बाहीने टेबल पुसून टाकले. मित्रांनो, स्वतःच्याच घरात चोरासारखा बघणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाई मला न्यायला आल्या. "काही सुचलं का, सर?"

"छे हो," सर म्हणाले, "फारच अवघड आहे. बसा ना, चहा टाकतो."

तेव्हापासून रोजची फेरी सुरू झाली. जिन्याखाली एका इस्त्रीवाल्याचे टेबल होते. त्याच्याकडे सरांचे सदरे अचानक वाढले होते, तेव्हा त्याला काय ते समजले होते. तो बाईंना विचारायचा, "काय बाई, आज कुठली यत्ता?"

"तीच. नापास झालेय."

"मास्तर बदलून बघा!"

"मास्तर बरा आहे रे. विद्यार्थीच मठ्ठ."

हसत म्हणायच्या, पण जिना चढताना ते हसू पहिल्या वळणावरच गळून पडायचे.

बाईंची चूक कुठे होत होती ते सांगतो. ती चूक आयुष्यभर सुबक आकृत्या काढणाऱ्या माणसाच्याच हातून व्हावी. त्यांचा प्रत्येक चौकोन पतंगासारखा यायचा. शेजारच्या दोन बाजू सारख्या, उरलेल्या दोन सारख्या, कर्ण बरोबर मधोमध. अशा चौकोनात दोन वर्तुळे टेकतात यात नवल काय? एक अर्धा भाग दुसऱ्याचा आरसाच. बाईंनी दोन दिवसांत तशी सिद्धता लिहून आणली. सरांना एवढे मात्र खोटे बोलवेना. ते म्हणाले, "बाई, ही पतंगाची झाली. चौकोनाची नाही."

बाई शरमल्या. "वाकडा काढते." पण हाताला वळण लागलेले. ठरवून वाकडा काढायला घेतला तरी शेवटच्या बाजूपाशी हात आपोआप नीट व्हायचा. मी काय करणार? मी जिथे न्याल तिथे जातो. शेवटी डोळे मिटून वर्तुळावर ठिपके दिले तेव्हा खरा वाकडा चौकोन आला. दोन वर्तुळे त्यातही टेकली, पण आता आरसा नव्हता. मग बाईंनी मध्यबिंदू जोडले, कोन दुभागले, लंब टाकले. कागदावर इतक्या रेघा झाल्या की मूळ चौकोन शोधावा लागे.

सगळे शोधले, फक्त बाजूंच्या लांबीची बेरीज-वजाबाकी तेवढी करून पाहिली नाही. कारण त्याला भूमिती म्हणत नाहीत, असे त्यांनीच एकदा सगळ्यांदेखत सांगितले होते.

सर समोर बसून पेन्सिलींना टोके काढत. बाईंना आवडतो म्हणून चहात आले घालत. बिस्किटांचा डबा भरून ठेवत. मध्येच म्हणत, "समजा, उद्या बघितलं तर?" आयुष्यात इतके सुखी 'समजा' त्यांनी कधी म्हटले नसेल. मी त्यांच्यावर रागावायचो, आणि रागावता रागावता मलाही वाटायचे की प्रश्न सुटला तर आपण पुन्हा त्या खणात. लोभ कोणाला चुकला आहे?

पण मी बाईंच्या घरचेही ऐकत होतो. फोनवर मुलगी असायची.

"आई, परवा परत गॅस चालू राहिला म्हणे?"

"दूध करपलं गं. घर नाही जळलं."

"जळेपर्यंत थांबू का मी? इकडे ये म्हटलं की तुझं आपलं काहीतरी."

"हे बघ," बाई एकदा म्हणाल्या, "माझ्याकडे एक प्रश्न आहे. भूमितीचा. तो सुटला तर माझं डोकं शाबूत आहे, आणि मी इथेच राहणार. नाही सुटला तर ने मला. चकार शब्द काढणार नाही."

"आई, हा काय पोरकटपणा? गणित सुटण्याचा आणि गॅसचा संबंध काय?"

"तुला नाही कळायचं. मला कळतो."

पिशवीच्या तळाशी मी ते ऐकले आणि माझा स्क्रू नसता तर दोन्ही पाय गळून पडले असते. सरांच्या धुळीत चार ओळी होत्या, आणि त्या चार ओळींवर बाईंचे घर उभे होते. ते या दोघांना सांगणार कोण?

बाई थकत चालल्या. एकदा सरांच्या टेबलावर लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. "पूर्वी असं होत नव्हतं, सर. समोर दिसायचं मला. आता नुसत्या रेघा दिसतात."

तेव्हा तरी सरांनी बोलायला हवे होते. त्यांचे ओठ हललेही. पण ते म्हणाले, "होईल हो. घाई काय आहे?"

ते मायेने म्हणाले होते. बाईंना त्यात कीव ऐकू आली.

मग एक दिवस बाई आल्या आणि त्यांनी मला पिशवीतून काढलेच नाही. मी पिशवीच्या उघड्या तोंडातून बघत होतो. सरांनी खुर्चीवरची उशी झटकली.

"चहा नको, सर. मी सांगायला आले. मुलीकडे चाललेय. कायमची."

"म्हणजे? का? बरं नाही का?"

"डोकं बरं नाही. मी तिला म्हटलं होतं, हा प्रश्न सुटला तर राहीन. नाही सुटला. गेल्या आठवड्यात हो म्हणून टाकलं."

 सर एकदम कागद ओढून लिहायला लागले. घाईत इतके दाबून लिहिले की पेन्सिलीचे टोक मोडले. दुसरी घेतली. "बाई, हे बघा. समजा, हा चौकोन अबकड, कर्ण अक. इकडच्या त्रिकोणातलं वर्तुळ कर्णाला कुठे टेकतं? अ पासून किती दूर? अब आणि अक मिळवा, बक वजा करा, निम्मे करा. तेवढं दूर. तिकडचं? अड आणि अक मिळवा, कड वजा करा, निम्मे. आता मूळ चौकोनात मोठं वर्तुळ आहे. म्हणजे समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सारखी. अब अधिक कड, बरोबर अड अधिक बक. मग ही दोन अंतरं..."

"सारखी," बाई म्हणाल्या. तिसऱ्या ओळीलाच त्यांना दिसले होते. "एकच बिंदू. दोघं तिथेच टेकतात." त्यांचा चेहरा क्षणभर असा उजळला की मला त्या टेबलाला हनुवटी टेकणारी मुलगी दिसली. "अगदी सोपं होतं हो!"

"बघा! डोकं शाबूत आहे तुमचं. एका दमात कळलं. कळवा मुलीला."

बाई कागदाकडे बघत राहिल्या. मग हळूच विचारले, "सर, तुम्हाला कधी सुटलं हे?"

खोटे बोलायला एवढी जागा होती! आत्ता सुचले, काल सुचले, काहीही चालले असते. पण जन्मभर उत्तराखाली दोन रेघा मारलेला माणूस. मान खाली घालून म्हणाला, "पहिल्याच दिवशी."

बाईंनी कागद सरांकडे सरकवला. 

"मग रोज मी येत होते ते..."

"सुटलं असतं तर आला नसतात तुम्ही."

बाई रागावतील असे मला वाटले. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट झाले. त्या म्हणाल्या, "मी रोज घरी जाऊन रडत होते, सर. वाटायचं, संपलं आपलं. नुसतं 'चहाला या' म्हणाला असतात, तरी आले असते मी. तेवढं म्हणायला तुम्हाला चौकोन लागला?"

"मला वाटलं, नुसत्या चहाला कोण येतं."

"विचारून बघायचं होतं."

"आता म्हणतो. या ना. रोज या."

बाई हसल्या, पण डोळे भरले होते. "घर भाड्याने दिलं, सर. भाडेकरू बघून गेले. तिकडे नातवाने आपली खोली रिकामी केली माझ्यासाठी, भिंतीला रंग दिला म्हणे. त्याला काय सांगू? की चौकोन सुटला, आता येत नाही?" उठताना त्यांनी पिशवीत हात घातला आणि मला टेबलावर ठेवले. "हा राहू दे तुमच्याकडे. तिथे कोणी काढणार नाही. नुसता पडून राहायचा."

सर जिना उतरून खालपर्यंत सोडायला गेले. मी टेबलावरून फक्त पावले ऐकली. दोन माणसांची खाली गेली, एकाची वर आली.

आता मी सरांकडे असतो. ते मला रोज रुमालाने पुसतात. तेल घालतात, जरा जास्तच. दुपार कलली की समोरच्या खुर्चीकडे तोंड करून मला टेबलावर ठेवतात, पाय उघडतात, मिटतात, आणि काही काढत नाहीत. गंज आता लागत नाही मला. पण सांगू का मित्रांनो, खणात असताना मी नुसत्या हाताची वाट पाहायचो, कोणत्याही हाताची. आता एकाच हाताची पाहतो. हे जास्त अवघड आहे.

तुमच्या पेटीतही माझा एखादा भाऊ असेल. त्याला बाकात टोचू नका, वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या, एवढे माझ्या जातीसाठी मागतो. आणि दुसरे, माणसांसाठी. शेजारचा अडला असेल आणि उत्तर तुमच्यापाशी असेल, तर ते मुठीत धरून ठेवू नका. त्याने तुमच्याजवळ बसावे असे वाटत असेल, तर बस म्हणा. तो बसेल. नाही बसला, तरी निदान रडत घरी जाणार नाही.

मासिकाचा पुढचा अंक आला. सोडवणाऱ्यांत या दोघांची नावे नव्हती. कागद पाठवायचे दोघांनाही सुचले नाही.

तर हिशेब असा मिटला. मुलीला आई मिळाली. नातवाला आजी मिळाली. मासिकाला दोन नावे कमी मिळाली, त्याने त्याचे काही अडले नाही. सरांनी एक वाक्य बोलायचे वाचवले आणि त्यापायी समोरची खुर्ची गमावली. ते त्यांचे देणे होते, त्यांनी भरले. पण बाईंनी घर दिले, ओळखीचा रस्ता दिला, रोजच्या संध्याकाळी रडण्यात दिल्या, आणि आपल्या डोक्यावरचा विश्वास तेवढे दिवस गहाण टाकला. सगळ्यात जास्त त्यांनीच भरले. आणि त्यांच्या नावावर तर काहीच देणे निघत नव्हते.